गिंकोची तार कापली, आता पुढे काय?

मंडळी, सकाळपासून काही सुचत नाहीये, म्हणून तुम्हालाच विचारते.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या गच्चीवर यांचं गिंकोचं बोन्साय आहे, पंख्यासारख्या पानांचं. थंड हवेचं झाड, पण यांनी इथल्या उन्हाळ्यात सावलीत ठेवून जगवलं. फांद्यांना तार गुंडाळून वळण दिलं. मागच्या हिवाळ्यात हे गेले. तेव्हापासून मी फक्त पाणी घालते.

आज पाहिलं तर एका फांदीची तार सालीत रुतलेली. मुलगी रेवा म्हणाली, "आई, काट दो ना. पेड़ को लग रहा होगा."

मी म्हटलं, "तुझ्या बाबांच्या हातची तार आहे ती. मले नाई जमत कापाले."

तिने आतून पक्कड आणून माझ्या हातात दिली.

शेवटी मीच एकेक वेढा कापला. उलगडली असती तर साल निघाली असती. तार सुटली की फांदी सरळ होईल, असं वाटलं होतं. ती हललीच नाही. यांनी वाकवली तशीच राहिली. मला रडू आलं आणि बरंही वाटलं.

पण त्याच फांदीच्या टोकाला नवा कोंब सरळ वर निघालाय. यांच्या मनात झाडाचा कोणता आकार होता, हे आम्हा दोघींनाही माहीत नाही. रेवा म्हणते, "जैसा बढ़ रहा है, बढ़ने दो."

तुम्ही काय केलं असतं? कोंबाला तार लावली असती, की तसाच वाढू दिला असता?