पिवळ्या शर्टातले इवाई

स्वतःच्या मुलीच्या सासरी मागच्या फाटकातून येऊन, तिलाच "मालक आहेत काय?" असं विचारणारा बाप साऱ्या विदर्भात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. माझे इवाई कूलर दुरुस्त करतात. एवढंच असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण ते मोबाइलवर प्रसिद्ध आहेत, आणि त्या प्रसिद्धीत माझा जो हात आहे, तो अजून घराबाहेर कोणाला ठाऊक नाही.

नागपूरला लागून असलेल्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात ते आयुष्यभर माल उतरवून घ्यायच्या कामावर होते. निवृत्तीनंतर पेन्शन नव्हती, हातात कसब होतं आणि नागपूरचा उन्हाळा होता. माझ्या सूनबाईने, म्हणजे त्यांच्या मुलीने, त्यांना सांगितलं की बाबा, आता लोक दुकान शोधत नाहीत, माणूस शोधतात. तुमची काहीतरी ओळख पाहिजे. इवाई ताबडतोब सीताबर्डीच्या बाजारात गेले आणि हळदीसारख्या पिवळ्याधमक रंगाचे शर्ट घेऊन आले. तेव्हापासून ते "पिवळा कूलरवाला" झाले. मला वाटायचं त्यांच्याकडे तसा एकच शर्ट आहे, आणि त्याच्या स्वच्छतेबद्दल मला शंका होती. एकदा त्यांच्या घरी गेलो, तर गच्चीवरच्या दोरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तेच शर्ट वाळत होते. माझी शंका कमी झाली नाही. सरळमार्गी माणसाला एका रंगाचे इतके शर्ट कशाला लागतात, हा प्रश्न मला पडला. मी उभा जन्म लेखापरीक्षणाच्या खात्यात काढला आहे. असे प्रश्न मला पडतातच.

शर्टाप्रमाणे त्यांचं नातं बदलायचं. पांढऱ्या शर्टात आले की पुढच्या दाराने येणार, सोफ्यावर बसणार, मला इवाईबुवा म्हणणार, आणि मुलीच्या घरचं खायचं नाही म्हणून नुसतं पाणी पिऊन उठणार. पिवळ्या शर्टात आले की मागच्या फाटकातून येणार, मला साहेब म्हणणार, मोरीजवळच्या स्टुलावर बसून पोहे मागून घेणार आणि वर चण्याची झणझणीत तर्री ओतायला लावणार. मी एकदा विचारलं की मुलीच्या घरचं कसं चालतं हो आता? ते म्हणाले, "पोहे मेकॅनिक खाऊन राहिला जी. बापानं पाण्याशिवाय काही घेतलं नाही." मी त्या दिवशी बायकोला सांगितलं की हा माणूस दिसतो तसा नाही.

त्यांचे व्हिडिओ तर आणखी संशयास्पद. होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर खाली उतरतात, लोक कूलरच्या बाजूंना लावायच्या वाळ्याच्या नव्या ताट्या आणायला धावतात. आणि हे व्हिडिओत सांगणार, "नव्या ताट्या काहून घेता? जुन्या झटका, उन्हात वाळवा, अजून एक उन्हाळा निघते." दुसऱ्या व्हिडिओत एक मोटर उघडून हताश चेहऱ्याने म्हणणार, "हे मले जमत नाही. दुसऱ्याले बोलवा." धंद्याला बसलेला माणूस लोकांना पैसे खर्चू नका म्हणतो, आणि लोक त्यालाच फोन करतात. मला ते पटेना. यामागे काहीतरी मोठं असणार, कदाचित नगरसेवकाच्या निवडणुकीला उभं राहायचं असणार, असा अंदाज बांधून मी तो सबंध उन्हाळा वाट पाहिली. ते उभे राहिले नाहीत. याचाही मला संशय आला.

शेवटी पुढच्या उन्हाळ्यात एकदा मी स्कूटरवरून त्यांचा पाठलाग केला. ते जरीपटका भागात एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी गेले. दार उघडंच होतं. ते कूलरसमोर डोळे मिटून बसले, नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखं त्याचा आवाज ऐकत राहिले, आणि म्हणाले की कूलर चांगला आहे, समोरची खिडकी उघडी ठेवत जा, हवेला जायला जागा पाहिजे. बाईंनी खिडकी उघडली, तर खिडकीत मी. इवाई जराही दचकले नाहीत. बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, ऊन लागीन. मांगं मांगं काय येऊन राहिले, संगंच चाला ना." मी भाजी घ्यायला आलो असं सांगितलं. मग त्यांनी मला बाजारात नेऊन स्वतः निवडून वांगी घ्यायला लावली, आणि माझ्याजवळ पिशवी नाही हे पाहून ती आपल्या हत्यारांच्या पिशवीत, पान्यांच्या आणि पकडींच्या मधे, घरापर्यंत आणून दिली.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी आमच्या कूलरचा व्हिडिओ केला. घर कोणाचं ते दाखवलं नव्हतं, पण खिडकीचा हिरवा रंग सगळ्या कॉलनीच्या ओळखीचा. व्हिडिओत ते म्हणाले होते, "मालक वर्षभर कूलरकडे पाहत नाही, मंग कूलरनं मालकाकडे काहून पाहावं?" सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी ते वाक्य पाठ केलं. मी दिसलो की कोणीतरी म्हणायचं, आणि बाकीचे गुडघ्यावर हात मारायचे. मी घरी आलो, एक खोटं नाव घेतलं आणि त्या व्हिडिओखाली लिहिलं की हे सगळं नाटक आहे. दाखवलेला कूलर यांच्याच नातेवाइकाचा आहे. खालचा पत्रा गंजून फाटलेला तसाच ठेवून वरून रंग मारला आहे. लोकांनी सावध राहावं.

'नाटक' सोडलं तर यातला प्रत्येक शब्द खरा होता, म्हणूनच ते वाईट होतं. तो पत्रा त्यांनी मला आधीच दाखवला होता. बदलायचा का, म्हणून विचारलं होतं. राहू द्या, असं मीच म्हटलं होतं.

माझं लिहिणं पसरलं. ऐन मे महिन्यात, ज्या दिवसांवर त्यांचं वर्षभराचं घर चालायचं, त्यांचा फोन वाजेनासा झाला. ते पुन्हा वाडीच्या गोदामात, ट्रकच्या धुळीत, माल उतरवून घ्यायला जाऊ लागले. सूनबाई घरात कमी बोलू लागली. तिने त्यांना ते लिहिणं काढून टाकायला सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, काढलं तर लोक म्हणतील लपवून राहिला. त्यांनी खाली एवढंच उत्तर लिहिलं की कूलर माझ्या इवायाचा आहे, हे खरं आहे. मला त्या उत्तरातही चलाखी दिसली. लोकांना दिसली नसावी, कारण दुसऱ्या उन्हाळ्यापासून हळूहळू त्यांचा फोन पुन्हा वाजायला लागला. आमचा कूलर लावायला ते होळीनंतर येतच राहिले, मागच्या फाटकातून, पिवळ्या शर्टात. पोहे मात्र मागायचे बंद झाले होते. ते माझ्या लक्षात आलं होतं, आणि कारण शोधायचं मी टाळलं. जन्मात ही एकच शंका मी तपासली नाही.

यंदा ते कोणाच्या तरी कूलरच्या स्टँडवरून पडले आणि गुडघा गेला. मग असं ठरलं की आमचा कूलर मी लावायचा, त्यांनी घरून व्हिडिओ कॉलवर सांगायचं, आणि तेच चित्रण लोकांसाठी टाकायचं. सूनबाईने मोबाइल धरला. पडद्यावर इवाई पलंगावर बसलेले, पाय उशीवर, अंगात पिवळा शर्ट. मी ताटी बसवली.

"साहेब, ताटी उलटी आहे."

मी ती सुलटी केली. हात ओले होते, चष्मा घसरत होता, आणि का कोण जाणे, त्यांच्याकडे न पाहता, कूलरकडे पाहत मी म्हणालो, "ते व्हिडिओखाली मीच लिहिलं होतं."

मला वाटलं नेटवर्क गेलं. सूनबाईने मोबाइल खाली केला नाही.

"मले त्याच दिवशी समजलं," ते म्हणाले. "तो पत्रा तुमच्या पलंगावर बसल्याशिवाय दिसत नाही. व्हिडिओत तो आलाच नव्हता."

"मग बोलले काहून नाही?"

त्यांना आधी मोबाइल धरून उभ्या असलेल्या मुलीची आठवण झाली असावी; नजर माझ्यावरून सरकली होती. मग म्हणाले, "पोरगी तुमच्या घरी नांदून राहिली, इवाईबुवा."

पिवळ्या शर्टात असताना ते मला इवाईबुवा कधी म्हणाले नव्हते. मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य आलं, "आता पंप चालू करा, आन् पाणी चारी बाजूनं पडते का ते पाहा."

दोन दिवसांनी व्हिडिओ आला. त्यांनी त्यात काय ठेवलं ते मी जुन्या सवयीने तपासलं. उलटी ताटी होती. घसरणारा चष्मा होता. वर त्यांचा आवाज होता, "मालक पहिल्यांदा कूलरकडे पाहून राहिले." लोक पोट धरून हसले आहेत. मी जे म्हणालो ते मात्र कापून टाकलं होतं. ताटी सुलटी झाली की थेट पंपच चालू होतो. आणि जुन्या व्हिडिओखाली माझं ते लिहिणं खोट्या नावाने अजून तसंच आहे. त्यांनी मला वाचवलं, आता मला कोणी विचारणारही नाही; म्हणून ते खऱ्या नावाने इथे लिहून ठेवतो आहे.

दुपारी मी पलंगावर पडतो. ताट्यांवरून पाणी झिरपत असतं, ओल्या वाळ्याचा वास येतो, आणि समोर तो गंजका पत्रा दिसतो. तो बदलायचा आहे, असं मी इवायांना फोनवर सांगितलं आहे. गुडघा बरा झाला की येतो म्हणाले. कोणत्याही शर्टात या, पोहे करून ठेवतो, असं म्हणणार होतो. तेवढ्यात त्यांना दुसरा फोन आला.