नोटिशीत नसलेला नंबर

ठण्.

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, देवळातली लहान घंटा वाजली. पाहतो तर आमचे रेगे साहेब इंजिनाचा एक भाग सुतळीला टांगून त्यावर स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हळूच ठोकत होते. "धड असेल तर असा बोलतो," ते म्हणाले. "आत चीर असली की घसा बसतो."

स्वातंत्र्यानंतरच्या दहाएक वर्षांतली ही गोष्ट. नागावबाहेरच्या माळावर एका फ्लाइंग क्लबची दोन छोटी विमानं होती. साहेब इंजिनियर, मी त्यांचा मेकॅनिक. शाळा तिसरीपर्यंत. त्या शेडमधल्या आठवणी म्हणजे वखारीत रचलेले नारळ. एक काढायला जावं तर चार गडगडत येतात.

*

इंजिन बनवणाऱ्या कंपनीची नोटीस टपालाने यायची. अमुक नंबरचा भाग तपासा, तोवर विमान उडवू नका. ती आली की साहेब आधी चष्मा पुसत. म्हणत, "कुठेतरी कुणीतरी पडलंय, म्हणून हे पत्र आलंय."

मला इंग्रजी येत नसे, पण आकडे येत. कागदावर बोट ठेवून एकेक आकडा जुळवायचो. एकदा म्हणालो, "साहेब, ह्यो भाग आपल्याकडं न्हाय."

"उघडून पाहिलंस?"

"न्हाय."

"मग मी 'नाही' कुणाच्या भरवशावर लिहू?"

दिवसभर खपून इंजिन उघडलं. भाग नव्हताच. साहेब खुशीत म्हणाले, "हं, आता म्हण नाही."

*

बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. भाग रॉकेलमध्ये बुडवायचा, कोरडा पुसायचा आणि वर खडूची पूड फासायची. चिरेत राहिलेलं रॉकेल खडूवर रेघ काढतं.

एकदा खडू संपला. मी डोकं चालवलं, पानवाल्याकडून चुना आणून फासला. वाळला तर तपासायला काढलेल्या आठही भागांवर रेघाच रेघा! धावत जाऊन साहेबांना म्हणालो, "सगळं इंजिन गेलं."

साहेबांनी नखाने चुना खरवडला. "नारायण, चिरा चुन्याला पडल्यात. आता कात-सुपारी आण, म्हणजे इंजिन रंगेल तरी."

*

काढलेली प्रत्येक पिन डब्याच्या झाकणात मोजून ठेवायची, हा साहेबांचा नियम. एक कमी भरली तर काम बंद. एकदा अशीच हरवली. साहेबांनी मला अर्धा दिवस फरशीवर रांगायला लावलं. शेवटी ती त्यांच्याच पँटच्या दुमडीत सापडली. त्यांनी आपला जेवणाचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः उपाशी राहिले.

*

आमचे पायलट कॅप्टन देशमुख. त्यांच्या म्हाताऱ्या आईला पालीच्या बल्लाळेश्वराचा कळस आभाळातून बघायचा होता. दुसऱ्या दिवशी ती गावी परतणार होती. नऊवारीवर चामड्याची टोपी घालून माउली सकाळीच पुढच्या सीटवर बसली.

नेमकी आदल्या दिवशी रॉकरची नोटीस आलेली. रॉकर म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा बोटभर लोखंडी हात. दुसऱ्या विमानाचं इंजिन दुरुस्तीला बाहेर गेलेलं; या विमानाच्या आठांपैकी एकाचाही नंबर नोटिशीत नव्हता. तरी साहेबांच्या नियमाप्रमाणे मी आठही काढून वाजवले. सात बोलले. आठवा नाही.

"नंबर नोटिशीत नाही ना?" कॅप्टन म्हणाले. "मग अडलंय कुठे?"

"याचा घसा बसलाय, कॅप्टनसाहेब."

"तू मेकॅनिक आहेस की नारळवाला?"

माझा बाप नारळवालाच होता. नारळ ठोकून पाहायला मी त्याच्याकडेच शिकलो.

कॅप्टन मग रेगे साहेबांकडे वळले. साहेबांनी रॉकर पुन्हा वाजवला, कान लावला. "मला सारखेच ऐकू येतात. पण माझे कान इंजिनांनी खाल्लेत. सही माझी, शब्द याचा."

"साहेब, आई उद्या चाललीय. परत यायचं तिचं वय नाही."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, "न्हाय उडायचं."

रॉकर रॉकेलमध्ये बुडवला, पुसला, खडू फासला. तिघं वाकून बसलो. बराच वेळ काही नाही. कॅप्टननी घड्याळ पाहिलं. मग पांढऱ्यावर केसाएवढी ओली रेघ उमटली आणि टोकापर्यंत गेली.

कॅप्टननी रॉकर उजेडात धरला. मग माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटली. विमानापाशी जाऊन त्यांनी आईला अलगद खाली उतरवलं.

"आली पाली एवढ्यात?" तिने विचारलं.

कॅप्टन तिचा हात धरून माडांच्या वाटेने निघून गेले.