कोऱ्या पानाखाली माझी सही

ग्रामसभेत घसा कोरडा होईपर्यंत बोलणाऱ्या, पण ठरावात आपलं बोलणं कधीच न सापडणाऱ्या मित्रांनो,

मागच्या ग्रामसभेत मी अर्धा तास बोललो. गावची गुरं चरतात ती ई-क्लास जमीन गिट्टी खदानीला देऊ नका, असं ठणकावून सांगितलं. सरपंच प्रकाश माझा शाळासोबती. तोही टाळ्या वाजवत होता.

आज मोताळ्याहून, तालुक्याच्या कचेरीतून, ठरावाची नक्कल आणली. ‘जमीन देण्यास सर्वानुमते मंजुरी.’ अनुमोदक म्हणून माझं नाव!

तसाच प्रकाशच्या घरी गेलो. “काऊन बे, म्या विरोध केला होता ना?”

“केला नं भाऊ, मस्त बोलला तू. पन खाली सही तं तुहीच हाय.”

सही माझीच होती. सभेआधी हजेरी म्हणून आपण सगळे कोऱ्या पानाखाली सह्या करतो आणि मजकूर नंतर लिहिला जातो. वीस वर्षं सभा गाजवल्या, पण ते पान मी एकदाही वाचलं नाही.

ठरावापेक्षा मला त्या टाळ्या जास्त लागल्या.

लेखी हरकत मी आजच दिली. तुम्ही एवढंच करा: ठराव लिहून, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका.