वाकळेत राहिलेली सुई

माझ्या मैत्रिणीबरोबर सकाळी फिरायला जायचं म्हणजे लोकांच्या दोरीवरचे कपडे बघत जायचं. मी शाळेत मास्तरीण होते. रिटायर झाले तरी पायांतली घाई गेली नाही, घंटा झाल्यासारखी झपाझप चालते. ती मात्र वडगावातून येळ्ळूरच्या रस्त्याला लागेपर्यंत प्रत्येक अंगणापाशी रेंगाळणार.

"मास्तरीण, त्यो जांभळा काठ बघितलीस? लई मऊ पडलाय. पण अजून दोन वरसं तरी ती बाई सोडत न्हाय त्याला."

साडी त्या बाईची, चांगली धडधाकट, आणि ही तिच्या फाटण्याची वाट बघत रस्त्यात उभी! वर ती बाई दारात आली की हसून विचारणार, "काय अक्का, च्या झाला काय?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

जुन्या कापडाचं तिला वेड होतं. नवऱ्याच्या घरी चार माग, दिवसभर खटखट, नव्याकोऱ्या साड्यांच्या घड्या हाताशी, पण नव्या कापडाकडं ती ढुंकून बघायची नाही. म्हणायची, "नवं कापड माणसाला वळखत न्हाय गं." छत्रीच्या कापडाची पिशवी, परकराचे अभ्रे, चादरीची पायपुसणी. खडेबाजारात गेलो की शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्या गोळा केल्याशिवाय ही हलायची नाही. आमच्या ह्यांची एक पँट अशीच दोरीवरून गेली ती गेलीच. सगळं घर शोधलं, मोलकरणीवर संशय घेऊन झाला. पंधरा दिवसांनी ती पँट भाजीची पिशवी होऊन आमच्याच घरी आली, खिशासकट. "खिशात कोथमीर ठेव, चेंगरत न्हाय," म्हणाली. हे दोन दिवस बोलले नाहीत. आता त्याच पिशवीतून भाजी आणतात आणि कोथिंबीर खिशातच ठेवतात.

मला स्वतःला शिवण येत नाही. बटण लावलं तर शर्ट चोळामोळा होतो. पण तिच्या शिवणात माझाही एक वाटा होता. तिला सुईचं नेढं दिसायचं नाही आणि चष्मा कायम डोक्यावर. मग संध्याकाळी तिच्या सोप्यात बसून मी बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवायची. ती शिवायची, मी शेजारी बसून नावं ठेवायची. तीस-पस्तीस वर्षं असं चाललं होतं. कंटाळा कसा तो आला नाही.

गेल्या श्रावणात ती गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात, आणि चौथ्या दिवशी सकाळी, आमच्या फिरायच्या वेळेलाच, फोन आला. मला रडू यायच्या आधी तिचा राग आला. खरं सांगते. निघताना माणसानं निदान हाक तरी मारावी की नाही?

फिरणं बंद झालं. एकदा गेले होते, नाही असं नाही. सवयीनं उजवीकडं तिची जागा सोडून चालत होते, तर मागून एक मोटारसायकलवाला ओरडला, "ओ आज्जी, रस्ता काय आंदण घेतलाय काय?" घरी आले आणि चपला उचलून माळ्यावर टाकल्या.

तेराव्यानंतर आठेक दिवसांनी तिची लेक आमच्या दारात आली. पहिलटकरीण, सहावा संपत आलेला, एका हातानं कंबर धरलेली आणि दुसऱ्या हातात गाठोडं. मी तिला आधी बसवलं, पाणी दिलं. तिनं गाठोडं माझ्यापुढं सरकवलं.

"मावशी, आई बाळासाठी वाकळ शिवत होती. अर्धी राहिल्या. तुम्ही पुरी करा."

"अगं, मला बटण लावायला येत नाही!"

"दुसऱ्या कुणाला देणार न्हाय मी," ती म्हणाली. "बाळाला पहिल्यांदा तिच्याच वाकळेवर घालायचं. बारशाला पायजे मला." आणि इतका वेळ धीटपणानं बोलणारी ती पोरगी एकदम हमसून रडायला लागली. आता ह्यावर नाही कोण म्हणेल?

गाठोडं सोडलं. जुन्या साड्यांचे मऊ थर एकावर एक घालून शिवलेली लहानशी वाकळ होती, वर तुकड्यांचे चौकोन. निळा तुकडा माझ्या शाळेच्या साडीचा, ती साडी मी बोहारणीला दिली असं मला वाटत होतं. रेघांचा आप्पांच्या शर्टाचा. आप्पा म्हणजे माझ्या मैत्रिणीचे यजमान, सगळी गल्ली त्यांना आप्पाच म्हणते. एक तुकडा लेकीच्या शाळेच्या फ्रॉकचा. कडेनं चौफेर टाके घालत तिनं सहा फेऱ्या पुऱ्या केल्या होत्या. टाके असे सरळ की पट्टी लावून बघावं. सातवी फेरी एका कोपऱ्यापाशी थांबली होती आणि तिथं सुई लोंबत होती, वीतभर दोऱ्यासकट.

ती सुई मी ओवलेली होती. तिला ताप आला त्याच्या आदल्या संध्याकाळी, पेपर वाचता वाचता.

मी वाकळ घडी घालून कपाटात ठेवली. रोज काढायची, त्या सुईकडं बघायची आणि ठेवून द्यायची. ती सुई ओढली की तो तिचा शेवटचा टाका राहणार नाही, माझा होणार. आणि तोडायची म्हटलं तर कात्री हातातच धरवेना. महिना गेला. लेकीला सातवा संपून आठवा लागला. ती विचारायची नाही, पण भेटली की माझ्या हातांकडं बघायची.

शेवटी मी एक हुशारी केली. आयुष्यभर पोरांना शहाणपण शिकवलेली बाई मी! विचार केला, ती सुई असू दे तिथं. आपण मधनं सुरुवात करू, मधला चौकोन शिवत शिवत बाहेर जाऊ आणि तिच्या फेरीला नेऊन मिळवू. नव्या सुया ओवल्या, चष्मा पुसला आणि बसले. चार दिवस मान मोडून शिवलं. बोटांची चाळण झाली. ह्यांनी दोनदा जेवायला हाक मारली आणि तिसऱ्यांदा स्वतःच वाढून घेतलं, यावरून काय ते ओळखा. पाचव्या दिवशी वाकळ जमिनीवर पसरली, तर कडा सपाट, मधला भाग सपाट आणि दोन्हींच्या मधे कापड पुरीसारखं टम्म फुगलेलं. हातानं दाबलं की इकडचा फुगा तिकडं जाई. बाळ त्याच्यावर ठेवलं असतं तर घरंगळलंच असतं.

काही न सुचून मी ती तशीच उचलली आणि आप्पांच्याकडं गेले. आप्पा मागाजवळ बसले होते, माग बंद. ती गेल्यापासून ते कुणाशी दोन शब्द बोलत नाहीत, असं लेक सांगायची. मी वाकळ त्यांच्यापुढं टाकली आणि म्हटलं, "आप्पा, मी वाट लावली हो."

त्यांनी बघितलं. फुग्यावर तळहात ठेवला. फुगा पलीकडं पळाला. त्यांनी तिकडनं दाबला, तो परत आला. आणि हा माणूस हसायला लागला. आधी नुसते खांदे हलत होते, मग तोंडातनं आवाज, मग डोळ्यांतनं पाणी. आतनं लेक पोट धरून धावत आली, बाप हसतोय हे बघून दारातच उभी राहिली.

"बाई, हे काय केलासा?" आप्पा डोळे पुसत म्हणाले. "वाकळ कडंनं मधी आणायची असती. वरचं कापड जरा जास्त असतंय, ते हातानं सारत सारत मधी न्यायचं. तुम्ही दोन्हीकडनं दारं लावलासा, मग त्यानं जायचं कुठं?"

"मला काय माहीत!"

"तीस वरसं शेजारी बसून काय बघितलासा मग?"

"पेपर!" मी म्हटलं. मग मीही हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं, आणि मी त्यांना खरं ते सांगितलं. मधनं का सुरुवात केली ते. त्या सुईला हात लावायचं धाडस होत नाही ते.

आप्पांनी वाकळ पुढ्यात ओढली. मग त्यांनी माझे चार दिवसांचे टाके ब्लेडच्या टोकानं एकेक करून उसवले. संध्याकाळ त्यातच गेली. कापड कुठं ओढलं नाही की विरलं नाही. मधला भाग मोकळा झाल्यावर त्यांनी वाकळ फिरवून तो कोपरा मांडीवर घेतला आणि लोंबणारी सुई चिमटीत धरली.

"मागावरनं साडी उतरली म्हणून सुताच्या जुन्या तारा काढून टाकत न्हाईत, बाई. तशाच ठेवायच्या. नवीन सूत गुंडाळलेलं बीम आलं की जुन्या एकेक तारंला नवी एकेक तार सांधायची. हजारो तारा असत्यात. जुन्या काढून टाकल्या तर सगळं पयल्यापास्नं भरत बसायला लागतंय. ही तर एकच तार हाय."

त्यांनी सुई दोऱ्यातून काढून माझ्या हातात दिली. जुन्या दोऱ्याच्या टोकाला नवा दोरा लावला, बोटं ओली केली आणि काय केलं ते मला दिसलंही नाही. ओढून दाखवला. पक्का.

"आता सुई ओवा," म्हणाले. "त्ये काम तुमचंच."

मी ओवली. सुई कोपऱ्यातनं घातली, दोरा हळूहळू ओढला. आधी नवा दोरा गेला, त्याच्यामागनं गाठ दोन थरांच्या मधे गेली, मागनं तिचा दोरा आला. कुठंही अडलं नाही. मला वाटलं होतं फार काहीतरी होईल. काही झालं नाही, नुसता एक टाका पडला, जरा तिरका.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी तिच्या सोप्यात जाऊन बसायला लागले. मी शिवायची आणि आप्पा शेजारी बसून नावं ठेवायचे. "ह्यो टाका काय येळ्ळूरला निघालाय काय?" विचारायचे. लेक हसून हसून कंबर धरायची. मागही सुरू झाले. आणि माळ्यावरच्या चपला काढून मी परत सकाळी फिरायला लागले. भात पोटरीला आला होता, पुढं लोंब्या वाकल्या, बासमतीचा वास रस्ताभर. फिरून येताना एकदा मी स्वतःला पकडलं. एका अंगणात दोरीवर तो जांभळा काठ वाळत होता आणि मी तिथं उभी राहून बघत होते, किती विरलाय ते. बाई दारात आली. "काय अक्का, च्या झाला काय?" मी म्हटलं.

दिवाळीनंतर मुलगी झाली. वाकळ बारशाच्या आदल्या दिवशी पुरी झाली, अगदी मधोमध शेवटचा टाका घालून. कडेच्या सहा फेऱ्या पट्टीनं आखल्यासारख्या आणि आत सगळ्या माझ्या, शाळा सुटल्यावर पोरं पांगावीत तशा. पण सपाट! बारशाला बाळाला तिच्यावर घातलं. सगळ्या बायका बघून गेल्या, मी कोपऱ्यात फुशारून बसले होते. पण मनात एक रुखरुख होती. माझी मैत्रीण वाकळ करून दिली की घेणाऱ्याला एकच सांगायची, "पोरगं मुतलं की मला कळवा. तवर ती वाकळ न्हवं, नुसतं कापड." आणि बाळ दिवसभर त्या वाकळेवर कोरडं ठणठणीत झोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघताना मी त्यांच्या दारावरून गेले. लेक अंगणातच होती, ओली बाळंतीण, कानाला फडकं बांधलेलं, बाहेर कशाला आलीस म्हणून मी ओरडणार तेवढ्यात तिनं दोरीकडं बोट दाखवलं. वाकळ धुऊन वाळत घातली होती.

"मावशी, मुतली! पार मधल्या टाक्यापतूर!"

मी वाकळेजवळ गेले. तो कोपरा शोधला आणि सांधलेली गाठ कुठं आहे म्हणून ओल्या कापडावरनं बोट फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. सापडली नाही.

मग येळ्ळूरच्या रस्त्याला लागले. उजवीकडं तिची जागा सोडली, मुद्दाम. भातं कापून झाली होती, रस्ता मोकळा होता. मी त्या मोकळ्या जागेला मोठ्यांदा सांगितलं, "ऐकलीस काय गं? मुतली एकदाची तुझी नात." समोरून येणारा दूधवाला सायकलवरून वळून वळून बघत गेला. बघू दे.