चहाबरोबरची गोळी

आमच्या शिवणकारखान्यात तिला सगळ्याजणी काजवाली म्हणायच्या. दिवसभर शर्टांची काजं करायची, पण एक काज कधी वाकडं गेलं नाही. मी शेजारच्या मशीनवर कॉलर लावते. तोंडाची मी फटकळ, हे आधीच सांगून ठेवते.

ती पोटुशी राहिली आणि सहाव्या महिन्यात पांढरीफटक दिसायला लागली. दोन जिने चढताना चारदा टेकायची. एकदा पाहते तर काय, कापड आखायचा खडू कुरतडतेय!

"अगं बये, आज खडू, उद्या बटणं खाशील!"

हसली बिचारी. "काय करू मावशी, राहवतच नाही."

त्याच दिवशी तिला ओढत दवाखान्यात नेलं. रक्त सातवर आलेलं. नर्सनं लोहाच्या गोळ्या दिल्या, रोज एक. पण गोळीनं मळमळतं म्हणून ही टाळाटाळ करायला लागली. मग मीच पाकीट ताब्यात घेतलं आणि माझ्या खणात ठेवलं.

कापडावर डाग पडतील म्हणून आमच्याकडे मशीनपाशी पाणी आणू देत नाहीत. प्यायचं पाणी तळमजल्यावर. अकराची घंटा झाली की चहा तेवढा वर येतो. दहा मिनिटांत पोटुशी बाई दोन जिने उतरणार कधी आणि चढणार कधी? म्हणून मी चहाबरोबरच गोळी द्यायची. कडू घोट नको म्हणून माझ्यातलाही अर्धा कप तिला ओतायची. आमच्यात सगळ्याजणी असंच औषध घेतात, डोकेदुखीचं असो नाहीतर तापाचं.

आठव्या महिन्यात पुन्हा तपासलं. रक्त सातच. मी भडकले.

"गोळी थुंकतेस ना? खरं सांग!"

"तुमच्यासमोर तर गिळते हो," म्हणून ती रडायला लागली. माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवसापासून गोळी गिळली की लहान पोरासारखं तोंड उघडून दाखवायला लावायची. सगळ्या बघायच्या. ती मुकाट्यानं आ करायची.

बाळंतपणात रक्त गेलं. फार नव्हतं म्हणे, एखादीनं निभावलं असतं. तिच्या अंगात होतंच किती? बाहेरून रक्त येईपर्यंत ती गेली. मुलगी वाचली.

दवाखान्याच्या दारात नर्स मला म्हणाली, "गोळ्या घेत नव्हती का?"

"रोज. चहाबरोबर, मी स्वतः द्यायची."

तिनं कपाळाला हात लावला. "चहानं लोह अंगी लागत नाही हो. पाण्याबरोबर घ्यायची, चहा तासा-दोन तासांनी. कुणी सांगितलं नाही?"

नाही सांगितलं. मीही विचारलं नाही. पोरीनं मळमळ सोसली, माझ्या शिव्या खाल्ल्या, आणि सगळं पाण्यात गेलं.

तेराव्या दिवशी तिची आई डबा आणि चपला न्यायला कारखान्यात आली. मशीनपाशी अजून तो कुरतडलेला खडू होता. आईनं तोही पदराला बांधला. मग माझे दोन्ही हात धरले.

"ती घरी सांगायची, मावशी रोज आठवणीनं गोळी देतात, स्वतःचा चहा देतात. सख्ख्या आईनं केलं नसतं एवढं केलंत."

तेवढ्यात अकराची घंटा झाली. एवढी फटकळ मी, पण नर्सचं बोलणं तिला सांगितलं नाही. बाईनं वाकून माझ्या पायांना हात लावला आणि मी तो लावू दिला.