प्रगतीचं संमेलन आणि माझा फ्लेक्स

आपल्या हस्ते कशाचं तरी उद्घाटन होणार आहे, हे डायरेक्टर साहेबांना आपल्याच आवाराच्या फाटकावरून कळलं. फाटकाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत फ्लेक्स ताणलेला. पिवळ्यावर लाल अक्षरं, वर ‘भव्य संगणक संमेलन’, मधोमध साहेबांचा फोटो आणि खाली ‘शुभहस्ते’. फोटो मी गणपतीतल्या एका जुन्या फ्लेक्सवरून उचलला होता, त्यामुळे साहेबांच्या कपाळाला टिळा होता आणि खांद्यामागे कुणाचा तरी अर्धा कान राहून गेला होता. बाकी काम सुबक होतं.

अडचण एवढीच होती, की ज्या मुलीसाठी मी हा खटाटोप केला तिने परवानगीचा अर्ज अजून साहेबांच्या टेबलावर ठेवलाच नव्हता.

ही मुलगी म्हणजे प्रगती. आदिलाबादला माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, आणि तिचे वडील नागनाथ गुरुजी माझे रोजचे चहाचे सोबती. गुरुजींच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला, गुरुजी शाळेत मास्तर झाले आणि पोरगी विद्यापीठात कॉम्प्युटर शिकवते. विद्यापीठाचं ते आवार शेजारच्या मावला गावाच्या पुढे आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर साहेबांना वाटेल, मी दुसरा फ्लेक्स लावला.

प्रगती बोलते कमी. दुकानात आली की कागदाचं रीम उचलते, “लिहून ठेवा काका,” म्हणते आणि स्कूटी चालू करते. पण वर्षातून एकदा तिचा चेहरा बदलतो. हैदराबादला प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं संमेलन भरतं, तेव्हा. विद्यार्थिनी असताना ती एकदा तिथे गेली होती. शेवटच्या रांगेत अंग चोरून बसली होती. मधल्या सुट्टीत शेजारी उभं राहून चहा पिणाऱ्या बाईने तिला विचारलं, तू काय लिहितेस? नंतर कळलं, आपण कॉलेजात जो प्रोग्राम वापरतो तो ह्याच बाईने लिहिलेला. तेव्हापासून ती दरवर्षी जाते, आणि दरवर्षी चारपाच पोरींना न्यायचं ठरवते, आणि दरवर्षी एकटीच जाते. कारण रात्रीच्या गाडीने पोरगी पाठवायला आमच्याकडे कुणाचं घर तयार होत नाही.

यंदा मैत्री नावाच्या पोरीचं तेच झालं. मैत्री नेरडीगोंड्याची, प्रगतीच्या वर्गातली. हायवेवरची कोणती बस आपल्या गावाला थांबणार नाही हे आधीच सांगणारा प्रोग्राम तिने लिहिला आहे. कोणती थांबेल हे सांगणारा का नाही लिहिला, असं मी विचारलं. ती म्हणाली, त्याला काही कामच राहिलं नसतं. प्रगतीला वाटे, ह्या पोरीने संमेलनात उभं राहून हे सांगावं. पण तिची आई, वच्छलाबाई, स्पष्ट बोलली, “हैद्राबादले नाई बाई. आदिलाबादले असन तर मी सोता घेऊन येतो तिले.”

आणि नेमकं यंदाच संमेलनवाल्यांनी जाहीर केलं, की या खेपेला हैदराबादबाहेर जाऊ, गावांनी आपापली जागा सुचवावी. प्रगतीने विद्यापीठाचं आवार सुचवायचं ठरवलं. मोठा हॉल, लॅब, पोरापोरींची वेगवेगळी हॉस्टेलं, सगळं होतं. फक्त साहेबांची परवानगी हवी होती.

मी आपला सहज विचारायला गेलो, “अध्यक्ष कोण आहेत?”

“अध्यक्ष नाई राह्यत.”

“मग उद्घाटक?”

“नाई.”

“दीपप्रज्वलन तरी?”

“काका, हॉलमंदी लाईट हायेत ना.”

“अगं पण कार्यक्रम सुरू झाला हे लोकांना समजायचं कसं?”

“घड्याळ पाहून.”

मला तिची कीव आली. हुशार पोरगी, पण जगाची रीत ठाऊक नाही. गावातल्या निम्म्या उत्सव समित्यांवर मी आहे. आमच्याकडे पाण्याची टाकी धुतली तरी शुभहस्ते धुतात. खुर्च्या उचलणारा, चहा ओतणारा आणि भाषण देणारा सगळे बिनपैशाचे आणि एकाच पायरीवरचे, हे तिचं वर्णन मी ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, हिला परवानगी मिळत नाही. साहेबाला मान द्या, मग साहेब जागा देतो. बाजूच्या फ्लेक्सवाल्याला सांगून, तिला न सांगता, मी तो मान छापून घेतला.

सकाळी ती फाटकाशी स्कूटी थांबवून बराच वेळ वर बघत उभी होती.

“हे काऊन केलं, काका?”

“परवानगी लवकर मिळावी म्हणून.”

“मले परवानगी पायजे होती. उद्घाटक नोको होता.”

तेवढ्यात आतून बोलावणं आलं. साहेब, म्हणजे अमृतराव, ओरडतील अशी आमची तयारी होती. साहेब खूश होते. “फोटो चांगला आहे,” म्हणाले. “पन तो कान कोनाचा?” मग त्यांनी अर्ज मागितला, तिथल्या तिथे सही केली, हॉल दिला, लॅब दिली, हॉस्टेलं दिली. मी प्रगतीकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तिलाही क्षणभर हसू फुटलंच. पोरगी मोकळी हसते तेव्हा अगदी नागनाथ गुरुजींसारखी दिसते, फक्त मिशा कमी.

“मी तासभर बोलतो,” साहेब म्हणाले.

हसू गेलं. “सर, त्याईच्यात उद्घाटनाची भाषणं नसतात.”

“नसतात कसे? संमेलन आहे ना?”

“सर, तेथी सगळे सारखे बसतात. स्टेजवर ज्याले प्रोग्राम दाखवाचा हाय, तोच.”

“मग बसू दे ना सारखे,” साहेब मोठ्या मनाने म्हणाले. “आमी वर बसतो, ते खाली सारखे बसतील.”

सही झालेली होती. आणि प्रगती कंत्राटी. साहेबांच्या शब्दापुढे कंत्राटी माणसाने कितीदा ‘पण’ म्हणायचं याला मर्यादा असते.

पुढचे दिवस नुसता मनस्ताप. उपसाहेबांना फ्लेक्सवर आपला फोटो नाही हे दिसलं. त्यांनी हॉलच्या परवानगीवर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला. प्रगती चर्चा करायला गेली, तर ते म्हणाले, चर्चा कशाची, फोटोची. फोटो लावला. मग लायब्ररीवाले रुसले. हॉस्टेलच्या वॉर्डनबाई थेट माझ्या दुकानात आल्या, पासपोर्ट फोटो काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, “साहेबांच्या आकाराचा नको, पण दिसला पाहिजे.” मी प्रत्येकाला होकार देत होतो, कारण नाही म्हणायची मला सवय नाही. शेवटी फ्लेक्सवर संमेलनाचं नाव वरच्या कोपऱ्यात गेलं. प्रगती ते बघून म्हणाली, “आता नावाच्या जागी बी कोनाचा तरी फोटो लावून टाका.” मी ते गमतीत घेतलं. ती गमतीत बोलत नव्हती.

मग हैदराबादहून जागा बघायला दोन स्वयंसेवक आले. स्रवंती आणि इम्रान. पाठीला पिशव्या, पायात चपला. त्यांना दोनच गोष्टी बघायच्या होत्या: हॉल, आणि सगळ्यांनी एकदम वापरलं तर लॅबचं इंटरनेट टिकतं का. दुपारच्या बसने परत जायचं होतं. प्रगतीने पोरापोरींना सकाळपासून लॅबच्या दाराशी तयार उभं केलं होतं. मैत्रीही आली होती, आणि तिच्याबरोबर वच्छलाबाई, डबा घेऊन.

पाहुणे फाटकातून आत आले ते बँडच्या आवाजात. बँड मी सांगितला नव्हता, साहेबांनी सांगितला होता. त्यांना धरून हॉलमध्ये नेलं, स्टेजवरच्या सोफ्यावर बसवलं, शाल, श्रीफळ, हार. सूत्रसंचालन माझ्याकडे. मी मराठीत बोललो, उपसाहेबांनी ते तेलुगूत सांगितलं, लायब्ररीवाल्यांनी उर्दू शेर म्हटला. मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा उलट सत्कार झाला. इम्रान मधूनमधून मनगटाकडे बघत होता, आणि साहेबांना वाटत होतं की त्याला घड्याळ भेट द्यावं.

शेवटी स्रवंतीने हळूच विचारलं, “सर, लॅब देख लें?”

“पहले भोजन,” साहेब म्हणाले.

भोजन झालं. सगळे लॅबकडे निघाले, तर लॅबला कुलूप. किल्ली शिपाई रामाजीकडे, आणि रामाजी कुठे? स्टेजवर. सकाळपासून शालींचं ताट धरून उभा. साहेबांनी ताट खाली ठेव म्हटलं नव्हतं, म्हणून त्याने ठेवलं नव्हतं. प्रगती हॉलकडे अक्षरशः धावत गेली. किल्ली आली, दार उघडलं, पोरंपोरी आत बसली, प्रगती म्हणाली, “चालू करा.” सगळ्यांच्या पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरू लागलं.

फिरतंय, फिरतंय.

“नेट रोज असं नसतं,” प्रगती स्रवंतीला हिंदीत सांगत होती. खरंच नसतं. पण त्या घटकेला विद्यापीठाचा सगळा स्टाफ साहेबांच्या सत्काराचे व्हिडिओ एकाच वेळी आपापल्या ग्रुपवर चढवत होता. माझा फोनही त्यात होता; मी तो गुपचूप बंद केला, पण एका माणसाने काय होणार? प्रगती कॉरिडॉरमध्ये जाऊन ज्याला त्याला सांगू लागली, सर, थोडा वेळ थांबवता का, मॅडम, थोडा वेळ. वॉर्डनबाई म्हणाल्या, “एवढा माझा जाऊ दे, नव्वद टक्के झालाय.”

बसची वेळ झाली. स्रवंतीने मैत्रीला विचारलं, तू काय लिहितेस? मैत्रीने पडदा दाखवला. त्यावर चक्रच फिरत होतं. मैत्रीने तोंडाने सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात साहेबांनी पाहुण्यांना ग्रुप फोटोसाठी बोलावलं. वच्छलाबाईंनी डबा उघडून पाहुण्यांच्या हातात दोन दोन धपाटे दिले. त्या दिवशी पाहुण्यांनी मनापासून काही घेतलं असेल तर तेच.

आठवड्याभरात उत्तर आलं. प्रगती दुकानात आली आणि फोन माझ्यापुढे धरला. इंग्रजीत होतं, अत्यंत सभ्य. आदरातिथ्य अविस्मरणीय, हॉल उत्तम, मात्र संमेलन यंदा दुसऱ्या गावी. मी ‘अविस्मरणीय’ वर थोडा सुखावलो, आणि मग तिच्याकडे पाहिलं.

“मैत्रीला सांगितलंस?”

“सांगतलं.”

“काय म्हणाली?”

“तिच्या आईनंच फोन घेतला. म्हने, मॅडम, आमी त लुगडं बी नवं काढून ठेवलं होतं.”

ती काउंटरला टेकून उभी राहिली. मी तिला स्टूल दिलं, ती बसली नाही. चहा मागवला, तोही तिने घेतला नाही. दुकानात झेरॉक्स काढायला आलेला माणूस आमच्याकडे बघून परत गेला. दुसऱ्याचं मन हलकं करायचं असलं की आम्ही मंडळी तिसऱ्याला शिव्या देतो. मीही तेच केलं. म्हटलं, “सोड गं त्यांना. मोठ्या शहरातली माणसं. पाठीला पिशव्या लावून आली, उलट पावली गेली. आपला लोभ बघितला नाही, आपली माणसं बघितली नाहीत. अर्ध्या दिवसात त्यांना आपलं आदिलाबाद कळलंच नाही.”

प्रगतीने फोन पर्समध्ये टाकला, स्कूटीची किल्ली काढली आणि म्हणाली,

“कळलं काका, म्हनून तं नाई म्हनले.”