जर्मन तिकिटांवर माझा हात

पोस्टात मी आयुष्यभर शिक्के मारले आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्यांनी मारलेले शिक्के बघत बसलो. पारनेरला घराच्या ओट्यावर भिंग, चिमटा आणि जुन्या जर्मन तिकिटांचा अल्बम घेऊन बसलेला म्हातारा पाहून शेजारी हसायचे. हसोत बापडे. मला त्या तिकिटांचा नाद होता.

त्यातही महागाईच्या काळातल्या तिकिटांचा. शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत भाव असे पळत सुटले की लाखाचं तिकीट छापून होईपर्यंत कोटीचं लागायचं. कोरी तिकिटं गठ्ठ्यांनी उरली. आजही ती कोणाच्याही अल्बमात सापडतात. पण जे त्या चार दिवसांत खरोखर पत्रावर लागलं आणि ज्यावर टपालाचा खरा शिक्का बसला, ते दुर्मिळ. म्हणून इथे लबाडी तिकिटाची नसते, शिक्क्याची असते. खऱ्या कोऱ्या तिकिटावर खोटा शिक्का मारला की काम झालं. आणि शिक्का म्हणजे माझा प्रांत.

काष्टीचे एक गृहस्थ दर रविवारी मोटरसायकलवरून माझ्याकडे यायचे. सोसायट्यांचे, शाळांचे रबरी शिक्के बनवायचा त्यांचा धंदा. पुण्याहून आणली म्हणून पाच-सहा तिकिटं ते माझ्यासमोर मांडायचे आणि म्हणायचे, "मास्तर, वळखा बगू, यातलं खोटं कंचं?" माझी कळी खुलायची. हे खोटं, कारण रबराची शाई पसरते, धातूचा शिक्का कागदात रुततो. ते खोटं, कारण गावाचं नाव कसं अगदी मधोमध बसलंय. टपालाची पोती समोर पडलेली असताना इतकं जपून कोण मारतो? ते मान डोलवायचे, वहीत टिपून घ्यायचे. पुढच्या खेपेला खोटं ओळखणं थोडं अवघड जायचं. मला वाटायचं, बाजारातले लबाड हुशार होत चाललेत. शेवटी शेवटी तर त्यांनी आणलेली सगळीच तिकिटं मला खरी वाटू लागली आणि मी तसं छातीठोकपणे सांगितलंही.

शिक्के बनवणारा माणूस समोर बसलेला, खोटे शिक्के पुढ्यात, आणि मला दोन्हींची सांगड घालता आली नाही. लोक याला भोळेपणा म्हणतील. मी मूर्खपणाच म्हणतो. खरं सांगायचं तर बायको गेल्यावर मी वाट बघावी असं ते एकच माणूस उरलं होतं.

एकदा त्यांनी विचारलं होतं, घाईत मारलेला शिक्का दिसतो कसा. मी त्यांच्याच पिशवीतला एक शिक्का घेऊन कागदावर धडाधड मारून दाखवला. मी डावखुरा. माझा शिक्का उजवीकडे कलतो आणि त्याची खालची कड जाड उमटते. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

गेल्या हिवाळ्यात नगरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मला त्यांचा संग्रह बघायला बोलावलं. त्यांनी एक पान उघडलं. बारा तिकिटं, बारा वेगळ्या गावांचे शिक्के. शाई चोख, तारखा चोख. पण झाडून सगळे उजवीकडे कललेले आणि खालची कड जाड. एकेक सुटं तिकीट बघताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. जर्मनीतल्या बारा गावांत बारा डावखुरे कारकून, आणि सगळ्यांचा हात पारनेरचा?

"बाई, हे शिक्के खोटे आहेत," मी म्हणालो.

त्यांनी ते पान स्वतःकडे वळवलं. मग म्हणाल्या, "पण काष्टीच्या गृहस्थांनी सांगितलं, तुम्ही स्वतः पाहून खरी म्हणालात. त्या भरवशावर मी बदल्यात वडिलांचा अख्खा अल्बम दिला हो."

दुसऱ्या दिवशी मी एसटीने काष्टी गाठली. रागावलो होतो, त्याहून जास्त दुखावलो होतो. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला.

"तुम्ही मला फसवलंत," मी म्हणालो.

"तुमाला कवा फसवलं, मास्तर?" त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "तुमी ज्याला खोटं म्हनला, ते मी भाईर काढलंच न्हाई. तुमच्या शब्दाभाईर म्या कदी गेलो न्हाई."

"आणि बाईंच्या वडिलांचा अल्बम?"

"त्यो गेला फुडं. आता न्हाई गावायचा."

मग त्यांनी खणातून एक तिकीट काढून भिंगासकट माझ्यापुढे सरकवलं. "आलाच हाईत तर येवढं बगा."

मी बघितलं. सवयच तशी. चूक एका नजरेत दिसली आणि ओठांवर आली. सांगावी, तर पुढचा शिक्का आणखी सफाईदार होणार. मी गप्प बसलो.

"म्हंजी जमलं," ते समाधानाने म्हणाले आणि त्यांनी चिमटा उचलला.

त्यांच्या आधी मी ते तिकीट उचललं आणि फाडलं. एवढ्या वर्षांत एकही तिकीट मी फाडलं नव्हतं. ते खुर्चीवरून उठलेच.

"अवं मास्तर, तिकीट खरं हुतं की ते. शंभर वर्साचं."

ते खरं बोलत होते. तुकडे मी चहाच्या कपाशेजारी ठेवले आणि अल्बम गेला हे बाईंना कोणत्या तोंडाने सांगायचं, ते जुळवत स्टँडकडे चालू लागलो.